गेला

शाळेचं पत्रक आलंय: मुलांशी साध्या शब्दांत बोला.
झोपला म्हणू नका, देवाने नेला म्हणू नका.
लिफ्टमध्ये चार मजले मी सराव केला
आणि दार उघडताच म्हणाले,
केयूर, आपला यादगिरी गेला रे.

"गावी?"

हो, म्हणाले मी. किती पटकन म्हणाले.

गुदैबियाच्या या गल्लीतून सगळेच गावी जातात.
वरचे कुरियन गेले, नोकरी सुटली म्हणून.
बालवाडीच्या बाई गेल्या बाळंतपणाला.
कुणी खोकी बांधून, कुणी टीव्ही विकून.
आणि आपली भाषा तरी काय,
तिच्यात वीज जाते, ताप जातो, पाहुणे जातात,
माणूसही त्याच क्रियापदाने जातो.

रात्री तो खिडकीशी. समोर
इस्त्रीच्या दुकानावरचे दोन मजले काळे,
एसीचे खोके वितळून लोंबलेले,
खाली पोलिसांची फीत, आणि एक मांजर
फितीखालून आत-बाहेर करणारं.
"अंकलचा पासपोर्ट जळाला असेल ना?
मग विमानात कसे बसले?"

मी पडदा ओढला नाही.
खाली बसले, त्याच्या उंचीला.
मी खोटं बोलले, म्हटलं. यादगिरी मेला. आगीत.
त्याच्या खोलीतले आणखी चौघे.
हा शब्द आमच्या घरात
झुरळाखेरीज कुणासाठी वापरलेला नव्हता.

बराच वेळ गप्प. मग,
"माझा शाळेचा एक शर्ट त्यांच्याकडेच होता."
राग आला मला, खरंच आला.
तोवर कपाटातून त्याने दुसरा शर्ट काढला,
कॉलर उलटी केली:
आत निळ्या शाईत आमच्या फ्लॅटचा नंबर,
चारचा पाय लांब, खाली ओढलेला.
"हा आता धुवायचा नाही."

दुखलं का त्यांना?
माहीत नाही.
आपल्याकडे लागेल का आग?
यालाही नाही म्हणवेना.
मग आम्ही गॅसचं बटण पाहिलं, किल्ली दाराजवळ टांगली,
अनवाणी जिना उतरलो, पायऱ्या मोजत.
बहात्तर. तो म्हणाला एकाहत्तर.
पुन्हा चढलो.
पत्रकात हे काही नव्हतं.

शनिवारी सात वाजता, त्याच्या वेळेला,
बेल वाजली नाही.
केयूरने तरी दार उघडून पाहिलं.