पेव

भूम तहसील, सन पंच्याऐंशी, खोली नंबर चार.
स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचे अर्ज
माझ्या टेबलावर असत.

सोजरबाई धोंडिबा गपाट, राहणार खडकवाकडी.
जन्मतारीख ठाऊक नाही. अटक नाही.
तुरुंगाचा दाखला नाही.
पुरावा : पदराच्या गाठीत एक गंजकं काडतूस.
"सरहद्दीच्या कँपातून पोरं आणायची राती.
म्या पेवात ठिवायची. वर पोतंभर पिवळी.
झडतीवाले दाण्यात हात घालायचे, कोपरापातुर.
काडतुसं त्येच्या खाली वीतभर."

फौजेच्या रोजनिशीची नक्कल मागवली होती.
सप्टेंबर अठ्ठेचाळीस, तारीख पुसट :
'खडकवाकडी. प्रतिकार नाही. गाव शांत.
विहिरीला पाणी बरे.'
विहीर आली कागदावर,
बाई आली नाही.

निजामी पोलिसांची मिसल उर्दूत,
आबान, तेराशे सत्तावन्न फसली.
ती वाचायला उर्दू शाळेतून खाजा मास्तर बोलावले.
ते वाचत गेले, चष्मा पुसत, थांबत :
झडती. पेव. काही सापडले नाही.
मग फौजेचं पान त्यांनी स्वतःकडे ओढलं.
'गाव शांत'वर बोट ठेवलं
आणि ते उचललंच नाही.

"अत्ताराचा खाजा ना रं तू?" बाई म्हणाली.

"फौज पुढं गेली," मास्तर म्हणाले,
माझ्याशी नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरशी,
"गौरी जाऊन आठ दिवस झाले नव्हते.
अब्बांना चावडीवर बोलावलं. गावातल्याच लोकांनी.
मला नि आपाला हिनं पेवात सोडलं.
आधी दोरीनं कंदील सोडला.
खाली हवा वाईट असली तर विझतो."

"इझला न्हाई," सोजरबाई म्हणाली.
"तीन रात्री. दाण्यात बसली लेकरं.
काडतुसं तशीच व्हती बुडाला,
न्यायला कुणी आलंच न्हाई."

पंखा फिरत होता. मास्तरांनी
मिसलीची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.
अब्बांचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.
रकाना एकच : 'कार्याचे स्वरूप'. दीड ओळ.

"कोणतं लिहू, बाई?"

तिनं काडतूस परत गाठीत बांधलं.
"पेव लिवा. जागा उरली तर कंदील."

लिहिलं.
मार्चअखेर अर्ज परत आला, लाल शाईत शेरा :
'कंदील' – अर्थबोध होत नाही.