बूट ऑर्डर

कुडचडेला, बाजारावरच्या खोलीत, तिसरी रात्र.
पंखे फिरतात, दिवा लागतो,
आणि काळ्या पडद्यावर तीच पांढरी ओळ :
ऑपरेटिंग सिस्टीम हरवली आहे.

रॅम काढली, खोडरबराने तिचे दात घासले,
टक् वाजेपर्यंत दाबली.
नाण्याएवढा सेल उपसून शंभर मोजले.
सिक्युअर बूट बंद केलं, लेगसी चालू.
पेनड्राइव्ह दोनदा नव्याने लिहिला,
पुढच्या पोर्टातून मागच्या पोर्टात.

खाली पोदेराचा भोंपू.
म्हणजे उजाडलं.
'पाव जाय गे?' मिंगेल ओरडतो.
काय जाय ते मलाच कळेना झालंय.

चूक शेवटी बोटांना सापडली, केबल चाचपताना.
बाबांची जुनी डिस्क,
ट्रकांच्या ऑफिसातून आणलेली.
फोटो उतरवून घेऊ म्हणून मीच जोडली होती,
पहिल्या सॉकेटात.
मशीन दर वेळी आधी तिच्याकडे जायचं,
दार वाजवायचं, थांबून राहायचं.
आत खेपांचे आकडे, डिझेलची उधारी,
खाण बंद पडली त्या महिन्यापर्यंत.
'ऊठ' म्हणणारं कुणी नाही.

केबल ओढली.
पेनड्राइव्ह लुकलुकला.
अकरा मिनिटांत सगळं उभं,
माझं नाव विचारत.

मग डिस्क पुन्हा जोडली, दुसऱ्या सॉकेटात,
आणि एफ-टू दाबून यादी उघडली.
नवी वर.
बाबा खाली.
बदल जतन करायचे का, त्याने विचारलं.

मिंगेल केव्हाच पुढच्या वाड्यावर गेला होता.
मी एंटरवर बोट ठेवून
तशीच बसले.