आठ प्रती

टोनर संपत आलेला, म्हणून वाळू राखाडी आली
आणि नेत्राली गांवसची उघडी पाठही.
खाली तिनेच लिहिलेलं:
हे अंग माझं, आणि त्याला भूक आहे.

सात संचालक, एक फाईल. आठ प्रती काढल्या.
बैठकीत चष्मे पुसले गेले.
‘पतसंस्थेची अब्रू,’ घाणेकर म्हणाले
आणि चहाचा कप तिच्या खांद्यावर ठेवला.

मी टाइप केलं: अशोभनीय वर्तणुक.
स्थळ? मोरजी. वार? रविवार.
कामाची वेळ?
तो रकाना राहू दे, म्हणाले.

ती उशिरा वर आली. शुक्रवार, म्हापशाचा बाजार,
खाली खिडकीवर बायकांची रांग,
चोरिसांचा वास लागलेल्या नोटा
तिनं शेवटपर्यंत मोजून घेतल्या होत्या.
मेमो वाचला. पेनानं
‘वर्तणुक’मधला णु दीर्घ केला.
‘सही खंय करूं?’

सगळे गेल्यावर टेबल आवरलं.
कपांच्या गोल डागांखालून प्रती गोळा केल्या.
तीन.
परत मोजल्या.
माझ्या डब्याच्या पिशवीतली धरून
चार.