अचानक आणि अपघाती

उद्यमनगरात मगदूमांच्या प्लेटिंग शेडमागं
एक विहीर आहे. तिचं पाणी
हळदीचा हात धुतल्यासारखं.
आता कुणी पीत नाही. आधी प्यायचे.

वनमाला मगदूम माझ्याकडं आल्या
नोटीस घेऊन: माती काढा, पाणी उपसा,
तोवर जागा विकता येणार नाही.
खर्चाचा आकडा त्यांनी वाचला नाही,
बोटानं दाखवला,
दुखरा दात दाखवतात तसा.

मी निवृत्त. लक्ष्मीपुरीतल्या विमा कचेरीत
एकतीस वर्षं टाइप केलं.
म्हणालो, तुमच्या वडिलांनी दरसाल हप्ता भरलाय,
आपल्यापायी दुसऱ्याचं नुकसान झालं तर
कंपनी भरील म्हणून.
तो कागद म्हातारा झालाय, मेलेला नाही.
ज्या साली विष मुरलं
त्या सालाला तो बांधलेला,
मालक गेला तरी, कंपनीनं पाटी बदलली तरी.

पण कागद कुठाय?
ऑडिटरच्या तळघरात दोनदा पूर शिरलेला.
भिंतीवर पंचगंगेची रेघ, माझ्या कानाएवढी.
फायली पावासारख्या फुगलेल्या, पानं सुटेनात.
या शहरातला गाळ काय काय वाचून बसलाय!
एजंट टिपुगडे वारले,
त्यांच्या मुलानं सगळं रद्दीत घातलं, किलोवर.

मिळाला शेवटी कासम शिकलगारांकडं.
पॉलिश खात्यातले. नाकाच्या पडद्याला भोक,
क्रोमनं पाडलेलं.
श्वास घेताना आत बारीक शिट्टी वाजते.
पत्र्याच्या डब्यातून त्यांनी पावती काढली:
सन पंच्याहत्तर, दोनशे बारा रुपये,
पॉलिसीचा नंबर,
कोपऱ्यात माझीच आद्याक्षरं.
मागच्या बाजूला पेन्सिलीनं त्यांचा हिशेब,
जादा पाळी, चोवीस तास, बाकी.
मालकानं हाताला लागेल तो कागद दिला होता,
उद्या देतो म्हणून.
बाकी राहिली, म्हणून कागद राहिला.

कंपनीचं उत्तर आलं दीड महिन्यानं.
नंबर जुळतो. परंतु
भरपाई फक्त अचानक आणि अपघाती गळतीची.

हे शब्द मी हजार वेळा टाइप केलेत.
तेव्हा कार्बन सरकू नये एवढीच काळजी,
अर्थ काढायला सवड नव्हती.
आता काढतोय.
टाकीच्या बुडाला चीर. थेंब
लोंबतो जरासा, मग सुटतो. अचानकच की.
दुसराही अचानक.
एकोणीस वर्षं प्रत्येक थेंब अचानक,
सगळे मिळून मात्र सवय.
आणि सवयीला विमा नाही.

वकीलबाई म्हणाल्या, थेंब सोडा,
चीर पडली तो क्षण धरा.
कुणी पाहिला?

'मी होतो की,' कासमभाई म्हणाले.
'त्याच सालची दिवाळी. बोनसवरनं तंडत होतो आम्ही.
भरलेला रॅक साखळीतनं सुटला, टाकीवर आदळला.
खण्णकन आवाज झाला.
मालक आले, वाकून बघितलं,
म्हणाले, एवढ्यानं काय हुतंय, चालू द्या.'

माझी बोटं थांबली.
पहिल्या चार ओळींनी पैसे येतात.
शेवटच्या ओळीनं जातात.
वनमालाताई खिडकीबाहेर बघत होत्या.
विहिरीच्या कठड्यावर कुणीतरी
फडकं वाळत घातलं होतं.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
'सगळं लिहा. बाबांचं पण.'

लिहिलं.
कासमभाईंनी अंगठा न देता सही केली, सावकाश,
जणू काठाला पॉलिश करतायत.
मग पावती उलटी करून माझ्यापुढं सरकवली.
'तेवढं माझं चोवीस तास
बसत्यात का बघा की त्यात.'