छाट

रविवारच्या संपर्क सत्राला पटावर एकेचाळीस.
आलेले सात.
त्यातला एक नुसता पंख्याखाली बसायला.
असू दे, सोलापूरचा एप्रिल आहे.

सुगुणा मेरगू, द्वितीय वर्ष कला,
यंदा एकदाही आलेली नाही.
आमच्या माहितीपत्रकात शब्द आहे दूरस्थ.
केंद्रापासून तिचं विडी घरकुल
सात किलोमीटर
आणि रोजच्या हजार विड्या.

मी फोन लावते रात्री साडेनऊला,
शेजारचा माग तेव्हा थांबलेला असतो.
"बोला की मॅडम. कान मोकळा हाय.
हात नाही."

पलीकडून ऐकू येते
पानाच्या कडेने चालणारी कात्री,
मग तंबाखूची चिमूट, तिला आवाज नसतो,
मग दोरा तुटतो.
मी स्थानिक स्वराज्य संस्था सांगत राहते.
मधेच ती थांबा म्हणते,
पोराला तेलुगूत झापते
आणि मराठीत परत येते,
पदर सारखा करत आल्यासारखी.

पुढे मी धडेच बोलून पाठवू लागले,
स्वयंपाक करता करता, ओट्यावर फोन टेकवून.
ती म्हणाली, तुमच्या कुकरच्या शिट्ट्या पाठ झाल्या.
तिसऱ्या शिट्टीला ग्रामसभा संपते.

स्वाध्याय भाच्याबरोबर आला,
टॉवेलच्या कारखान्याच्या पिशवीतून.
पहिलं पान उलटलं आणि मला शिंकांवर शिंका.
अक्षर बारीक, घट्ट, एकसारखं,
जुडीत बांधल्यासारखं.
समासात कुठे कुठे आकडे: पंचवीस, पंचवीस, पंचवीस.
ते उत्तराचे नव्हते.

रात्री तिनं विचारलं,
"किती छाट निघाली?"
मला कळलं नाही.
"चेकर टाकतो की बाजूला. सैल बांधलेली, तोंड नीट न मुडपलेली.
कधी समोरच मोडतो.
पान आपलं, तंबाखू आपल्या हिशेबात."

माझ्या हातात लाल पेन होतं.
वीस वर्षं आहे.
टोपण लावलं, परत काढलं.
म्हटलं, चौथा प्रश्न.
"मोडला?"
नाही. बाजूला लिहिलंय, परत बांध.
ती हसली असावी.
कात्री थोडा वेळ थांबली होती, एवढं खरं.

परीक्षेच्या दिवशी दारात एक बाई
हॉल तिकीट उलटं धरून उभी.
मी तिला पाणी कुठे आहे ते सांगितलं, पुढे गेले.
"मॅडम," ती म्हणाली,
आणि मग ओळखलं.
माझ्या मनातली सुगुणा उंच होती, का कोण जाणे.

पेपर संपल्यावर फाटकाशी भेटली.
पहिली दहा मिनिटं डाव्या हाताला
काय काम द्यावं कळेना, म्हणाली,
मग त्यानं कागद धरला.
पाचवा प्रश्न आला होता शिट्टीसकट.
चौथा बरा गेला असं मी समजायचं का?
"बघू की."

बस दिसली तशी ती पळाली,
पायरीवरून मागे वळून
हिशेब सांगितला:
तीन तास, म्हणजे अडीचशे विड्या.

निकाल अजून लागायचाय.