पाटी कोरी

ब्लाइनायचा डोंगर म्हणजे सोलून काढलेला पाटीचा दगड,
छपरं त्याची, कुंपणं त्याची, थडगीसुद्धा त्याचीच.
प्रिचर्डबाईंना जिन्यावर पितळी दिवा हवा होता,
एवढंच.
अर्ध्या दिवसाचं काम, असं मी फोनवर म्हणालो.

छताची वाटी उघडली.
दोनच तारा, एक लाल, एक काळी,
रबर बोटांत चुरलं सादळलेल्या बिस्किटासारखं.
तिसरी तार नव्हतीच.
घरात वीज आली त्या साली
दिव्याला भुई लागते असं कुणी धरत नसे.
होल्डर बॅकेलाइटचा, पट्टी लाकडी,
आणि दिव्याला कोण उगीच हात लावतंय?
पितळ मात्र हात मागतं.

"त्रेपन्न वर्षं झाली, कधी काही झालं नाही,"
बाई म्हणाल्या.
हे मी प्रत्येक जुन्या घरात ऐकतो, आणि खरंच असतं ते.
ज्या घरात काही होतं
तिथे आधी दुसऱ्या कुणाला बोलावतात.

म्हटलं, वरची वायर बदलू, हिरवी-पिवळी सोबत घेऊ,
खाली सिंकच्या नळावर जुना क्लॅम्प आहे
तिथवर आणून सोडू.
क्लॅम्प घट्ट. स्क्रू चकचकीत.
त्याला पत्र्याची चिठ्ठी: काढू नये.
कुणी काढलाही नव्हता.
मीटर लावला.
आकडा चढला, अजून चढला,
मग नुसती रेघ.
पाटी कोरी.

गेटाजवळचं झाकण उचललं तर खाली निळं प्लास्टिक.
अकरा वर्षांपूर्वी पाणीवाल्यांनी शिशाचा पाइप बदलला,
शिसं वाईट म्हणून. बरोबरच केलं त्यांनी.
पाणी शुद्ध झालं
आणि त्याच दुपारी घराचा पाय भुईवरून सुटला.
दिवे लागत राहिले, टोस्ट भाजत राहिला,
आणि क्लॅम्प सिंकखाली अंधारात तसाच धरून,
पलीकडे कुणी नसताना.

बाई स्टीलच्या किटलीकडे बघत होत्या.
ओठ हलत होते. अकरा वर्षं, दिवसाला सहा कप.

मागे अंगणात सळई ठोकली.
वीतभर गेली, टण्.
कुंपणाशी ठोकली, टण्.
करंट जात नाही म्हणून ज्या दगडाचे
पूर्वी स्विचबोर्ड घडवायचे
त्याच दगडावर हे गाव बसलंय.
धरणी पोटात घेते म्हणतात.
इथली दात आवळून होती.

"तिकडे बघा, रूबार्बच्या वाफ्यात," बाई म्हणाल्या.
"खाणीचा जुना खड्डा होता.
इदवालनं दोन हिवाळे खालच्या दरीतून
ढकलगाडीनं माती आणून तो भरला.
लोक हसायचे."

तिथे हातोड्याचा आवाज बदलला.
टण् नाही, धप्.
सळई गेली, दुसरी जोडली, तीही गेली
ओलीत, काळ्या मातीत,
मेलेल्या माणसानं चढावर ढकललेल्या.
एकशे चाळीस ओहम.
कौतुक करावं असा आकडा नाही हा.
पण नव्या पेटीतलं आरसीडी तीस मिलिअँपवर जागं होतं,
त्याला एवढी वाट पुरते.

चाचणी घेतली.
घर काळं झालं, फ्रीज गप्प.
चोवीस मिलिसेकंद,
म्हणजे 'आई' मधला 'आ' सुद्धा पुरता होत नाही.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "रूबार्बला काही होणार नाही ना?"
"नाही," म्हटलं.
मग राहवलं नाही. "म्हणजे रोज नाही.
एखाद्या दिवशी, डोळ्याची पापणी लवेपर्यंत,
घरातलं काही वाईट तिथून जाईल."

त्यांनी मान हलवली, जणू इदवालला विचारून.
ओव्हनच्या घड्याळात चार शून्यं लुकलुकत होती,
ती त्यांनी तशीच राहू दिली.
दिवा अजून खोक्यातच.
बाहेर उजेड संपला होता.