सोनेरी नांगर

एक फुटाचा एक इंच,
डेनिस पहिल्याच मंगळवारी म्हणाली
आणि माझ्या हातात लोखंडी पट्टी ठेवली.
भातुकलीत चूल बाहुलीहून मोठी असली तरी चालते.
इथं मिरपुडीची बाटलीसुद्धा
बाराव्या हिश्शाला बांधलेली.

क्लीथॉर्प्सला, समुद्रासमोरच्या रस्त्यावर
तिच्या वडिलांचं हॉटेल होतं, जहाजासारखं सजवलेलं.
गोल खिडक्या, पितळी कंदील, भिंतीवर सुकाणूचं चाक,
दारावर सोनेरी नांगर.
चौऱ्याहत्तर साली मी पत्रात तेच नाव लिहिलं.
बार्शीहून अण्णांचं उत्तर आलं:
नांगर सोन्याचा असो नाहीतर बाभळीचा,
तिकडे जमीन कशी आहे ते कळव.

जमीन ओली होती, अण्णा.
फरशीवर तेल, तेलावर पाणी,
पाण्यावर मी.

आता तिथं मोटारी उभ्या राहतात.
म्हणून आम्ही दोघी, ती बासष्टची, मी पंच्याहत्तरची,
तिच्या जेवणाच्या टेबलावर ते हॉटेल पुन्हा उघडतो.
कॉफी ढवळायच्या काड्यांची जमीन.
पडद्याच्या कड्यांच्या खिडक्या.
बदामाचा काप म्हणजे हॅडॉक.
वाटाण्यांसाठी मोहरी रंगवली, तर बशीत हिरवे बटाटे दिसले;
शेवटी खसखस घेतली.
मंडळातल्या बायकांना हे सांगितलं
तेव्हा खरोखरच खसखस पिकली,
पण त्यातला विनोद मी एकटीच हसले.

मीठ मात्र लहान होत नाही.
एक कण बशीत ठेवला की धोंडा.
पाण्याचाही बारावा हिस्सा निघत नाही,
थेंब तो थेंबच.

डेनिसला सगळं आठवतं:
कुठल्या टेबलाचा पाय डुगडुगायचा,
चौकडीच्या कापडावर व्हिनेगरचा डाग कुठं होता.
"मागचं दार नुसतं रंगवू," ती म्हणाली,
"पलीकडे कोण बघतंय?"
मी ब्रश धुतला. बरं म्हटलं.

मग घरी, रात्री, बुटांच्या खोक्यात
पलीकडचं करत बसले.
सिंक सव्वातीन इंच उंच.
मी पाच इंचांनाही थोडी कमी.
म्हणून बटाट्यांची पेटी पालथी घालून
तिच्यावर उभी राहायचे.
आगकाड्यांची पेटी केली, एक फळी मोडकी ठेवली.
ऑगस्टच्या बँक हॉलिडेला मोडली होती, घोटा सुजला.
मिस्टर ब्लँचर्डनी पगार कापला नाही,
दुसरी पेटीही दिली नाही.
चौऱ्याऐंशी बशा रचल्या. बाहुली ठेवली नाही.

डेनिसनं वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
सुईच्या टोकानं पेटीला शिवून विचारलं, "हे कशाला?"
"उभं राहायला."
बाहेर एक बस येऊन गेली.
"डॅड आम्हाला तिकडे जाऊ द्यायचे नाहीत," ती म्हणाली.
मग, "तुझं नाव तेव्हा व्हायोलेट होतं ना?"
"वसुमती."
"हो, पण पाळ्यांच्या फळ्यावर..."
"वसुमती."

तिनं बारीक करवत घेतली
आणि दोन आठवडे खपून रंगवलेलं दार कापून काढलं.
बिजागरी बसवताना दोनदा शिवी दिली.
तांदळाएवढे दिवे तीनच होते, तिन्ही पुढे लागलेले.
एका कंदिलातला उपटून
तिनं माझ्या सिंकवर लावला.

दार लोटलं.
खालून उजेडाची रेघ पुढच्या फळ्यांवर आली.
मी पट्टी लावली: पाव इंच.
"म्हणजे तीन इंच," डेनिस म्हणाली,
"इथूनच भांड्यांचा आवाज यायचा.
तो आठवतो मला."